मागे ठेवलेले अंडे

महादेवपुऱ्यातील आमच्या वसाहतीच्या फाटकाशी अंबूबाई गेली चौदा वर्षे इस्त्रीची गाडी लावतात. निपाणीकडच्या एका खेड्यातून मुलाबरोबर त्या इथे आल्या, तेव्हा आईने दिलेली कोंबडी टोपलीत घालून त्यांनी मांडीवर आणली होती. पुढे आई गेली आणि गावचे घर भावांनी विकले. त्या कोंबडीच्या वंशातली ठिपक्यांची एकच कोंबडी आता उरली आहे. तिला अंबूबाई ‘माहेरची’ म्हणतात.

मी सरकारी कारखान्यात पस्तीस वर्षे तपासनीस होतो. एकदा माझे मोटारघर झाडताना जुन्या टायरच्या पोकळीत मला सात अंडी सापडली. प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख घालून ती सर्वच्या सर्व मी अंबूबाईंना नेऊन दिली आणि टायर धुऊन फळीवर ठेवला. कौतुकाची अपेक्षा होती.

“एक तरी ठिवायचं हुतं की, अण्णा,” त्या म्हणाल्या. “रिकामी जागा बघून ती माघारी न्हाई यायची.”

तसेच झाले. माहेरची शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधील घाणेरीच्या झुडपांत शिरू लागली आणि काही दिवसांनी दिसेनाशी झाली. लोक मुंगसाचे नाव घेत. अंबूबाई मात्र ठामपणे सांगत, की ती खुडूक होऊन अंड्यांवर बसली आहे. आणि खरोखरच, दुपारी एकदा ती दाणे टिपायला बाहेर येई. पण कोणी माग काढतो आहे असे दिसताच भलत्याच दिशेला जाई. मी प्लॉटचे दोरीने चौकोन पाडून शोध घेण्याचे सुचवले.

“दोरी बघून चालायला ती शाळंत गेलीया व्हय?” अंबूबाई म्हणाल्या.

अशातच प्लॉट साफ करायला यंत्र आले. अंबूबाईंनी चालकाला कानडीत विनवले, की कोंबडी जेवायला बाहेर येईपर्यंत थांब. तिची जागा कळली की मी अंडी उचलून घेते. त्याने “सरी, अक्का” म्हणून होकार दिला आणि दुपारी दोनपर्यंत वाट पाहिली. नेमकी त्या दिवशी ती बाहेर आली नाही. यंत्राच्या पहिल्याच फेरीत माहेरची फडफडत झुडपातून उडाली. मागे तांबड्या मातीत टरफले तेवढी उरली. अंबूबाईंनी ती पाहिली आणि गाडीशी जाऊन अर्धवट राहिलेला सदरा पुरा केला.

त्यानंतर तीन दिवस कोंबडी त्या उघड्या जमिनीवर येरझाऱ्या घालत होती, मध्येच थबकत होती. अंबूबाई हातातली इस्त्री थांबवून तिच्याकडे पाहत. घर विकल्यापासून आपण गावी गेलोच नाही, जाऊन बघायचे तरी काय, असे त्या एकदा मला म्हणाल्या.

चौथ्या दिवशी मी मोटार रस्त्यावर काढली, टायर पूर्वीच्या जागी ठेवला, त्यात गवत घातले आणि अंबूबाईंकडून मागून आणलेले दुसऱ्या कोंबडीचे एक अंडे त्यावर ठेवले. तारीख घातली नाही.

सतराव्या दिवशी टायरमध्ये माहेरची बसलेली दिसली. मी जाऊन सांगितले. अंबूबाई इस्त्री उभी करून आल्या, पण आत शिरल्या नाहीत. दारातून वाकून त्यांनी एकदाच पाहिले.

“आईच्या चुलीमागं असाच अंधार हुता,” त्या म्हणाल्या.

मग कोंबडी बिचकू नये म्हणून तिकडे पाठ करून त्या उंबऱ्यावर बसल्या आणि समोरच्या उघड्या जमिनीकडे पाहत राहिल्या. गाडीवर माझेच कपडे पडून होते. मी त्या कपड्यांची आठवण करून दिली नाही.