अप्पांचं डोकं भाजताना

अप्पा, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा आई गाणगापूरला होती, त्यांनाच बरं वाटावं म्हणून. ती बसवकल्याणला पोचेस्तोवर अप्पांच्या नाकात कापसाचे बोळे गेले होते. त्यानंतर वर्षभर तिचं एकच चालू होतं, "शाळेत पोरांला मातीचे हत्ती शिकवायलास, मग बापाचं तोंड करायला काय होतंय?"

काही होत नव्हतं. केलं. पण भरीव डोकं भट्टीत फुटतं. म्हणून माती जरा सुकून आवळल्यावर तारेनं वरची कवटी कापून बाजूला ठेवली आणि चमच्यानं आतली माती काढायला बसलो. आई समोर डाळ निवडत होती.

"सगळंच काढायलास? कायतर ऱ्हाऊ दे की आत."

"बोटभर जाडी राहिली की पुरे, आई."

"त्येंची जास्त व्हती."

तिनं उभा जन्म त्यांच्याशी संसार केलेला. मी वाद घातला नाही.

काठ खरवडून, चिखल लावून कवटी परत बसवली. आतली वाफ निघायला मानेमागं एक भोक ठेवलं. आईनं डोकं सगळीकडून पाहिलं आणि नाकाशी बोट नेलं.

"नाक बंद हाय."

"भोक मागं ठेवलंय."

"मागनं कोण श्वास घेतंय? परत बोळे घातलेस व्हय रे?"

हे मला लागलं. मागचं भोक बुजवलं आणि सळईनं दोन्ही नाकपुड्या आतल्या पोकळीपर्यंत नेल्या. त्यात नाक थोडं फेंगडं झालं. तसं ते होतंच.

डोकं सावलीत कितीही वाळवलं तरी मातीत ओल राहते. एकदम जाळ केला तर ठिकऱ्या, आणि तो चेहरा मला दुसऱ्यांदा जमला नसता. म्हणून परसातल्या भट्टीत आधी गोवऱ्यांची मंद धग द्यायची आणि नाकासमोर गार ताटली धरायची. ताटलीवर वाफ धरली तर ओल आहे. कोरडी राहिली की तुराट्यांचा जाळ. ताटलीचं काम आईनं मागून घेतलं.

"श्वास चालू हाय," ती म्हणाली, दूध तापलंय म्हणावं तशी. शेजारची अक्का डोकावली, तिलाही तिनं हेच सांगितलं. अक्कानं चपला काढल्या आणि हात जोडून गेली.

दुपार कलल्यावर ताटली कोरडी दिसायला लागली. मी तुराट्यांची पेंढी उचलली.

"थांब."

तिनं ताटली पाण्यात बुडवली, पदरानं पुसली आणि पुन्हा धरली. बराच वेळ धरली. वाफ यावी असं मला फार वाटत होतं. भट्टी लावणाऱ्यानं असं वाटून घेऊ नये.

"थांबला," आई म्हणाली. "मी हितंच व्हते. आता लाव जाळ."