उताराचं पाणी

मंगळवारी सकाळी सात वाजता, ऐन भाकरी थापताना, खालच्या वस्तीतल्या शेवंतामावशींच्या चुलीत वरच्या आळीचं सांडपाणी शिरलं. मी पोचले तेव्हा परातीतल्या पिठावर साबणाचा फेस तरंगत होता. वरच्या आळीचे अण्णा, पंचायतीचे सदस्य, कोरडी जागा बघून उभे होते.

"पोरी, पाणी उताराकडेच जाणार. निसर्गाचा नियम आहे, त्याला मी काय करू?"

चुलीतला चिखल उपसत मावशी म्हणाल्या, "मग अण्णा, आमच्या विहिरीचं पाणी तुमच्या गच्चीवर कसं चढतं?"

विहिरीवरची अण्णांची मोटार घुरघुरत होती.

ती ऐकत मी तिथेच उभी राहिले. चांगलं पाणी चढवायला मोटार आणि घाण सोडायला निसर्ग! बाईने सोसायचं, कुणी जन्मानेच खालचं, तेही म्हणे निसर्गच. त्या निसर्गाला कुणी विचारलंय का हो? वरच्या आळीतून येणारं सिमेंटचं गटार वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबतं. ते उताराने नाही, माणसांनी थांबवलंय.

मावशींनी परात उकिरड्यावर उपडी केली.

तुमच्या गावचं गटार कुणाच्या दाराशी संपतं? आज जाऊन बघा, आणि येत्या ग्रामसभेत ते पुढे न्यायचा ठराव होईपर्यंत जागचे उठू नका.