जप्त पिकअपमधला निळा ड्रम

आधीच सांगते, भूतखेत, बाहेरचं वगैरे मी मानत नाही. मानत असते तर पोलिसात मुद्देमालाची ड्यूटी झेपलीच नसती. अपघात, चोरी, खून — कशातही जप्त झालेल्या गाड्या माझ्या ताब्यात. निम्म्या गाड्यांच्या सीटवर कुणाचं तरी रक्त वाळलेलं. त्यांच्या शेजारी बसून मी डबा खाल्लाय. तेव्हा कमेंटमध्ये मला अक्कल शिकवू नका, प्लीज.

आमचं ठाणं मुकुंदवाडीच्या बाजूला. मी तिथं आले तेव्हा मागं मोकळं रान होतं, गाड्या ऐसपैस उभ्या असायच्या. मग शहर वाढलं, चारी बाजूंनी अपार्टमेंट उठल्या आणि आमच्या वाट्याला कंपाउंडमधली चिंचोळी पट्टी उरली. जप्ती काही थांबत नाही ना! मग क्रेन बोलवायची आणि रिक्षावर रिक्षा रचायची. साहेबांचं आपलं एकच — "ॲडजस्ट करा."

दुष्काळाचा उन्हाळा होता. सिल्लोडकडचा एक धनगराचा तरणाताठा पोरगा मेंढरांसाठी पाणी न्यायला पिकअप घेऊन शहरात आला. परत जाताना ड्रमचा दोर आवळायला खाली उतरला आणि मागून ट्रकनं उडवला. जागीच गेला. ड्रम कलंडून पाणी सगळं रस्त्यावर. पिकअपला मात्र फारसं काही झालं नव्हतं. पंचनामा मीच लिहिला, त्यात एक निळा ड्रम, रिकामा.

ट्रकवाल्याचा वकील आला आणि आठवड्यात ट्रक सुटला. पिकअप अडकली, कारण काय, तर गाडीचा मालकच मेलेला! वारस दाखला आणा, मग कोर्टाची ऑर्डर आणा... पोराचे वडील, सटवाबाबा, हेलपाटे घालत राहिले.

"ताई, गाडी ऱ्हाऊ द्या. ड्रम तरी द्या. मेंढरं पाण्यावाचून तडफडायलीत."

"बाबा, पंचनाम्यात ड्रम गाडीसोबत आहे. सुटा देता येत नाही."

नियमच तसा. जप्त गाडीचा एक नट हलला तरी आमची चौकशी लागते. बाबा गेले आणि पुढं कित्येक महिने आलेच नाहीत.

आता ऐका. त्या पिकअपभोवती रिक्षांची भिंतच झाली होती. एका दुपारी आतून चिमण्यांचा कलकलाट ऐकू आला, म्हणून मी रिक्षांवर चढून बघितलं... ड्रम काठोकाठ भरलेला! गार, नितळ पाणी. आभाळात ढग नाही, ठाण्याच्या नळाला थेंब नाही, प्यायला आम्ही जार विकत आणायचो. वाटलं, कुणीतरी चेष्टा केली. बादल्यांनी ड्रम उपसला, पाणी झाडांना घातलं, ड्रमवर पत्रा दाबून ठेवला, गेटला कुलूप लावलं. सकाळी ड्रम परत भरलेला. कितीदा तरी करून बघितलं! बाबांना फोन लावला, तो लागेना. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "बरंच झालं की. जीप धुवा." आणि खरंच त्या पाण्यानं जीप धुतली जायला लागली. मला भीती नाही वाटली, डोकंच फिरलं माझं.

पावसाळाही कोरडाच गेला. त्यानंतर एकदाची ऑर्डर घेऊन बाबा आले, सोबत गाडी चालवायला भाचा. क्रेननं रिक्षा बाजूला केल्या. मी काही बोलायच्या आत बाबा पिकअपवर चढले, ओंजळभर पाणी तोंडाला लावलं आणि लगेच दुसरी ओंजळ भरून चाखली.

"ही तर आमच्या हिरीची चव हाय, ताई. जराशी खारट. हीर तर कधीचीच आटली की!"

"बाबा, हा ड्रम रोज भरतो. कोण भरतं, ठाऊक नाही."

"माझं लेकरू भरतंय, दुसरं कोण? मेंढरांसाठी भरतंय त्ये. अन् तुमी त्याला हितं कोंडून ठिवलं व्हय!"

साहेब खिडकीतून बघत होते, ते आत वळले. मी म्हटलं, "घेऊन जा, बाबा. पाणी सगळं तुमचंच आहे."

"मेंढरं इकली म्या, ताई. आता ह्ये कोणाला पाजू?"

भाच्यानं गाडी काढली. गेटबाहेर पडताना ड्रम हिंदकळला, पाणी रस्त्यावर सांडलं.

आता मी रिटायर झालेय, गारखेड्यात राहते. ड्रममध्ये पाणी कुठून यायचं, ते मला आजही सांगता येत नाही. इथं कुणाला सांगता येत असेल तर जरूर सांगा. पण आधी बाबांना उत्तर द्या.