पार्वताबाईचा डावा डोळा

पार्वताबाई अचलपूरची. घरामागच्या पाऊण एकरात झेंडू आणि शेवंती लावते, आणि रोज सकाळी परतवाड्यात आमच्या कॉलनीत घरोघर फुलांच्या पुड्या देते. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. घरात ती आणि चोवीस वर्षांची मोनाली. मोनालीला आधी दोन स्थळं येऊन गेली होती. दोघांकडची माणसं पोहे खाऊन "कळवतो" म्हणाली, आणि कळवलं कोणीच नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी पुडी देताना पार्वताबाई म्हणाली, "ताई, परवापासून डावा डोळा लवून राहिला माझा." बाईचा डावा डोळा म्हणजे शुभ, हे वेगळं सांगायची तिला गरज वाटली नाही. पंधरा दिवसांत अकोल्याचं स्थळ सांगून आलं. मुलगा देवानंद, एका कृषी केंद्रात नोकरीला.

खरं तर मध्यस्थाच्या कानावर तिनं राखीपौर्णिमेलाच घातलं होतं. तेव्हा डोळा शांत होता. मी तसं बोलून दाखवलं.

"मंग तो तीन महिने काहून झोपला होता?" ती म्हणाली. "डोळा लवला तवाच उठला ना?"

मी वाद घातला नाही. मी बी.एस्सी. झालेली आहे, पण माझ्या मुलीच्या, खुशीच्या, प्रत्येक पेपरला तिच्या हातावर दही ठेवत आले, आणि आता ती पुण्याला असते तर सकाळी फोन करून विचारते, दही खाल्लंस का.

डिसेंबरात डोळ्याबरोबर गालही ओढला जायला लागला. पापणी गच्च मिटायची, ओठाचा कोपरा वर जायचा. मी म्हटलं, नसेचं काही असेल, दाखवून या.

"लगन ठरू द्या, ताई. औषधानं डोळा थांबला, अन् स्थळही थांबलं तं?"

जानेवारीत अकोल्याची मंडळी आली. देवानंद, त्याचे वडील किसनराव आणि आई सत्यभामाबाई. चार शब्द बोलायला कोणी असावं म्हणून पार्वताबाईनं मला बोलावलं होतं. तिनं किसनरावांपुढे पोह्यांची बशी धरली आणि तिचा डावा डोळा मिटला. किसनरावांनी मान खाली घातली. चहा देताना पुन्हा तेच. ते उठून बाहेर ओट्यावर गेले. थोड्या वेळानं सत्यभामाबाईही गेल्या. मी दाराशीच बसले होते.

"बाई मले डोळा मारून राहिली ना," किसनराव हळूच म्हणाले.

"तुमाले? आरशात पायलं काय कधी?"

"दोनदा मारला. शपथ."

आत आल्यावर सत्यभामाबाईंनी पर्स उचलली. "ठीक आहे मंग. कळवतो."

पार्वताबाईचा चेहरा उतरला. डोळा मात्र आपलं काम करतच होता.

तेव्हा मोनाली बोलली. मुलीनं अशा वेळी बोलायचं नसतं, पण बोलली. "काकाजी, आईचा डोळा दोन महिन्यांपासून आपोआपच मिटते. दुखणं आहे ते. ती दवाखान्यात जाऊन नाही राहिली, कारण तिले वाटते का त्याच्यामुळेच तुमी आले."

देवानंद हसू दाबायला खोकला. दुखणं म्हटल्यावर ते घराण्यात आहे का, हा प्रश्न येणार, असं मला वाटलं. सत्यभामाबाई पार्वताबाईच्या अगदी जवळ गेल्या आणि तो डोळा दोन-तीनदा मिटेपर्यंत बघत राहिल्या.

"डावा आहे," त्या म्हणाल्या.

"हो ना, डावाच," पार्वताबाई घाईनं म्हणाली.

"ते असो. पण लग्नाच्या आधी डॉक्टरले दाखवा. मांडवात तीनशे पाहुणे येतीन. सगळ्यायलेच डोळा मारसान काय?"

किसनराव मोठ्यानं हसले. पार्वताबाई हसली नाही. लग्न म्हणाल्या, मांडव म्हणाल्या, हे तिला कळलं होतं. अट कोणती, तेही कळलं होतं.

मार्चमध्ये मी तिला अमरावतीला घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, चेहऱ्याच्या नसेवर रक्तवाहिनीचा दाब आहे, घाबरायचं कारण नाही. इंजेक्शनं दिली की काही दिवसांत डोळा शांत होईल, आणि तीन-चार महिने तसाच राहील. लग्न वैशाखात होतं.

इंजेक्शनासाठी नाव पुकारलं गेलं, तरी ती बाकावरून उठेना.

"ताई, अकोल्याले फोन लावा. पत्रिका छापल्या काय, इचारा."

मी लावला. सत्यभामाबाई म्हणाल्या, कालच छापून आल्या, वाटायलाही लागलो.

"वाटून राहिले?"

"हो."

"किती वाटल्या?"

मी पुन्हा विचारलं. चाळीस. पार्वताबाईनं पदर नीट केला, दाराशी चप्पल काढली आणि आत गेली.