कोंबड्यांच्या वाटणीची भाकरी

वडील गेल्यावर आई पाचोडहून आमच्या रो-हाऊसमध्ये राहायला आली, ती सहा कोंबड्या डालग्यात घालूनच. रिक्षातून उतरायच्या आधीच तिनं अट घातली. "यांचा दाणा यांच्याच अंड्यांतून. तुझ्या पगाराला हात नाय लावायचा." मी लगेच हो म्हणालो. मनात फुकटच्या आम्लेटचा हिशेब होता. माझे बहुतेक हिशेब असेच असतात.

सुरुवातीला छान जमलं. मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीला लागून खुराडं केलं. गल्लीतल्या बायका गावरान अंडं म्हणून दुकानापेक्षा चढा भाव द्यायच्या. त्यातून मक्याचा भरडा यायचा, शिंपल्यांचा चुरा यायचा. ऑफिसात मी कुक्कुटपालनावर भाषणं ठोकायचो. लोक चहा संपेपर्यंत ऐकायचे.

मग मका महागला, आणि नेमकी तेव्हाच कोंबड्यांनी पिसं टाकली. अंडी बंद, खाणं चालू.

"पिसं यीस्तोवर नाय देत त्या," आई म्हणाली. "अंगावरचं बघतील का अंडं घालतील?"

"मग तोवर भरडा मी आणतो."

"नाय. ठरलंय ते ठरलंय."

मला विनोद सुचला. नको तेव्हाच सुचतो. "मग अंडं देत नाही त्याला बसून कशाला खाऊ घालायचं? काढून टाकू!"

बायको हसली. आई नाही हसली. "व्हय, खरंय तुझं," एवढंच म्हणाली आणि अर्ध्या जेवणावरून उठली.

पुढं भरडा आलाच नाही, तरी कोंबड्या टुणटुणीत. खरकट्यावर भागतंय की! एवढे दिवस भरड्यावर पैसे उगाच गेले, असं मी बायकोला पटवत होतो. तिनं मला मध्येच तोडलं. "अहो, आपल्या घरात खरकटं उरतं कुठं? आईंचं ताट बघा जरा."

रविवारी दुपारी बघितलं. दोन भाकऱ्यांतली एक आईनं पदराआड धरली, मागं नेली, पाण्यात कुस्करली आणि खुराड्यात ठेवली. चोळी तिला कधीपासून ढगळ व्हायला लागली होती, देव जाणे.

मी तसाच जाऊन भरड्याचं पोतं आणलं. आईनं पोत्याकडं बघितलं आणि ते न उघडताच जिन्याखाली सरकवलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर खुराडं उघडं. कोंबड्या ती चिकनवाल्याला देऊन आली होती. आलेल्या पैशांतून पोत्याचे पैसे तिनं माझ्या हातावर ठेवले.

"अगं आई, पिसं फुटायला लागली होती त्यांना!"

"फुटली असती. पण तोवर दुसऱ्याच्या दाण्यावर बसायचं व्हय रं?"

पोतं जिन्याखाली तसंच आहे, भरड्याला जाळी धरलीय. आई अजून एकच भाकरी खाते. दुसरी वाढायला गेलं, की ताटावर हात आडवा धरते.