घरचा करंट
काल ईसीजीसाठी छातीला गार जेली लावली आणि तिच्या वासानं वडगावातली एक दुपार आठवली. तेव्हा वडिलांचे, म्हणजे आप्पांचे, ठोके चुकत होते. हृदयाच्या वरच्या कप्प्यात वीज निघते, ती खाली पसरली की ठोका पडतो, असं त्या सकाळी त्यांच्या छातीला अशीच जेली लावून ईसीजी काढताना डॉक्टरांनी सांगितलेलं. आप्पा यंत्रमागाशेजारीच झोपले होते. गल्लीभर मागांचा खडखडाट होता, उन्हात सुताची धूळ तरंगत होती. एकाएकी लाईट गेली आणि सगळे माग थांबले. मी, घरातला एकमेव पदवीधर, धावत जाऊन आप्पांच्या छातीला कान लावला. "काय रं?" "लाईट गेली, आप्पा!" "खुळ्या, हितला करंट घरचा हाय!" त्या शांततेत मी कितीतरी वेळ तसाच ऐकत राहिलो. आप्पा आता नाहीत. काल कागदावर माझी रेघ उमटली; करंट अजून घरचाच आहे.