मारियेची ओटी

आमच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या बिल्डिंगमध्ये कुणाला दिवस गेले की बातमी आधी नवऱ्याला कळते आणि मग शैलजाला. आई, सासू यांचा नंबर त्यानंतर. मी मस्करी करत नाहीये. इथे दोह्यात कुणाची आई असते? व्हिसा जमला, तिकीट जमलं तर ती बाळंतपणाला येणार. तोवर ओकाऱ्या काढत एकट्या पोरीने बसायचं कुणाजवळ? शैलजाजवळ.

ती माझ्या समोरच्याच दारात राहते. मूळची सांगलीची. नवरा गुरुप्रसाद गॅस प्लांटवर इंजिनिअर, मुलगी ओवी इथेच वाढली, इथेच आर्किटेक्ट म्हणून नोकरी करते. शैलजाने स्वतः नोकरी कधी केली नाही, पण रिकामी मी तिला एक दिवस पाहिली नाही. आज हिला लिंबाचं लोणचं, उद्या तिला डिंकाचे लाडू. आणि कुणाचीही ओटी भरायची म्हटलं की बाई नारळ, खण, तांदूळ घेऊन हजर. वकऱ्यापासून अल खोरपर्यंत किती पोरींच्या ओट्या तिने भरल्या, देवाला माहीत. तळमजल्यावरची अनीसा रत्नागिरीची. तिच्या सुनेच्या, अनमच्या सातव्या महिन्यात शैलजा गजरा आणि फळं घेऊन गेली, कुंकवाचा करंडा मात्र घरी ठेवून गेली. म्हणजे कुठे काय चालतं एवढी समज तिला आहे. म्हणूनच पुढचं सांगताना मला जास्त राग येतो.

जगाच्या पोरींच्या ओट्या भरल्या, स्वतःच्या पोरीची मात्र भरता येईना. त्याचं असं झालं. ओवीला पहिल्यांदा दिवस राहिले तेव्हा शैलजाने चोरओटी केली. चोरओटी म्हणजे गुपचूप करायची, घरातल्या चार बायकांत. हिने आनंदाच्या भरात अख्खी बिल्डिंग बोलावली. मीही होते, चांगली मिरवले. आणि थोड्याच दिवसांत ते मूल गेलं. ओवी आईला कधी काही बोलली नाही. पण दुसऱ्या खेपेला तिने आधीच सांगून टाकलं, "आई, धिस टाइम नो ओटी, नो फंक्शन. प्लीज." ओवीला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजीत. शैलजा बरं म्हणाली. तरी एकदा देवापुढून उठताना सवयीने पोरीच्या कपाळाला कुंकू लावायला गेली, तर ओवीने तिचा हात मनगटाला धरून बाजूला केला. जोरात नाही हो, हळूच. मी तिथे चहा पीत बसले होते. शैलजाचा चेहरा मला पाहवला नाही.

ओवीला पाचवा लागला तेव्हा ईदची सुट्टी होती. तिचा नवरा देवव्रत समुद्रातल्या रिगवर. ओवी म्हणाली, मी शिकायला असताना इटलीत वर्षभर होते, तिथलं एक गाव मला तुम्हाला दाखवायचंय. डॉक्टरांनी जा म्हटलं. आईबाबांबरोबर मलाही घेतलं, कारण शैलजा एकटी कुठे जात नाही आणि मला कुणी विचारलं तर मी नाही म्हणत नाही.

गाव म्हणजे काय, डोंगराच्या डोक्यावर बसवलेलं. भोवती तट, एकच मोठा दरवाजा, गाडी खाली सोडायची आणि दगडी पायऱ्या चढायच्या. आपल्या एखाद्या गडावर लोक अजून राहत असते, वाळत घातलेल्या चादरी आणि खिडकीत मांजरं असती, तर जसं दिसलं असतं तसं. मधोमध चौक, चौकात उंच चौकोनी बुरूज. सातशे वर्षांचा, ओवी म्हणाली. आमच्या गल्लीत दहा वर्षांची इमारत म्हणजे जुनीपुराणी, पाडा आता. ओवी खुलली होती. इथे सैनिक उभे राहायचे, इथून तेल ओतायचे, असं सांगत ती आईचा हात धरून चालत होती. शैलजाचं लक्ष बुरुजाकडे नव्हतंच. पोरीने हात धरलाय यातच ती खूश. गुरुप्रसाद गुडघ्याला हात लावून म्हणाले, "वहिनी, तुम्ही बघून या, मी इथे बाकावर बसतो."

चौकाच्या मागे एक लहानसं चर्च होतं. आत अंधार, गार. कोपऱ्यात लाकडी मारिया, येशूची आई, उभी होती. निळा झगा, रंग ठिकठिकाणी उडालेला, आणि पोट पुढे आलेलं. एक हात पोटावर. गरोदर मारिया मी जन्मात पाहिली नव्हती. ओवीने सांगितलं, ही फार जुनी, फार नाजूक आहे, गावातल्या बायका बाळंतपणाआधी हिच्यापुढे मेणबत्ती लावतात. मूर्तीपुढे जाड दोर बांधला होता. चर्च सांभाळणारी म्हातारी, राखाडी स्वेटरातली, दारापाशी मेणबत्त्या विकत होती.

ओवी बुरुजाचे फोटो काढायला बाहेर गेली. म्हातारीला कुणीतरी हाक मारली म्हणून तीही गेली. मी दारातली पोस्टकार्डं चाळत होते. पाच-सात मिनिटं झाली असतील. वळून बघते तर शैलजा दोराच्या आत.

तिच्या पर्समध्ये पासपोर्टशेजारी हळदकुंकवाची डबी आणि अक्षतांची पुडी असतेच. गळ्यातला स्कार्फ काढून तिने खणासारखी घडी केली होती, तीवर अक्षता, नारळ नाही म्हणून हॉटेलातल्या नाश्त्याचं सफरचंद. ते सगळं मारियेच्या पोटाशी, त्या हाताच्या खाचेत नीट बसवलेलं. आणि बाटलीतल्या पाण्यात बोट बुडवून ओली हळद तिने मारियेच्या कपाळाला लावली होती. एकच बोट. ओठ पुटपुटत होते.

"अगं ए शैलजा, वेड लागलं का तुला?" मी म्हटलं. त्याच वेळी मागून म्हातारी किंचाळली. शैलजा दचकली. आणि त्या घाबरलेल्या बाईने जे केलं त्याला तोड नाही. तिने ओला रुमाल घेऊन हळद पुसायला सुरुवात केली. खसाखसा, घरातला ओटा पुसावा तशी. हळद कुठली जायला? ती आत मुरली, आणि रुमालाबरोबर कपाळाचा रंगच निघून आला. खालचं लाकूड दिसायला लागलं.

म्हातारी आमच्यावर ओरडली असती, तिने पोलिसांना बोलावलं असतं तर बरं झालं असतं. ती बाकावर मटकन बसली आणि तोंडावर दोन्ही हात घेऊन रडायला लागली. आपल्या घरातलं कुणी गेल्यावर रडतात तसं. शैलजा हातात तो रंग लागलेला पिवळा रुमाल घेऊन तशीच उभी. सॉरी हा शब्द बालवाडीतल्या पोरालाही येतो, पण तिच्या तोंडून तोही फुटेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

ओवी धावत आली. तिने मूर्ती पाहिली, सफरचंद पाहिलं, आईचा हात पाहिला. तिला सगळं एका नजरेत कळलं. म्हातारी उठली, शैलजाकडे बोट दाखवून ओवीला तिच्या भाषेत काहीतरी विचारू लागली. त्यातला एकच शब्द आम्हाला कळला, आणि तो कुणालाही कळला असता. "मम्मा?"

ओवी म्हणाली, "नो."

मग भरभर इटालियनमध्ये आणखी काहीतरी बोलली. मी शैलजाकडे बघितलं नाही. बघायची हिंमत होईना. पाद्री आला, त्याने शांतपणे आमचे फोन नंबर घेतले, मूर्ती दुरुस्त करणारा माणूस बोलावू म्हणाला. गुरुप्रसाद धापा टाकत आले आणि त्यांनी पाकीट काढलं. पाद्र्याने मान हलवली आणि त्यांचा हात खाली केला. तो एवढा मोठा माणूस, प्लांटवर शंभर लोकांना हुकूम सोडणारा, पाकीट उघडं धरून पोरासारखा उभा राहिला. पायऱ्या उतरताना चौकातल्या बाकांवरचे म्हातारे बोलायचे थांबले. बातमी आमच्या आधी दरवाज्यापाशी पोचली होती. ओवी सगळ्यात पुढे, आम्ही मागे. हात कुणी कुणाचा धरला नाही.

दोह्याला परत आल्यावर शैलजाने ओट्या भरणं बंद केलं. कुणी बोलवायला आलं की म्हणायची, मनगट दुखतंय. समोरच्या घरात मला भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता, मनगट कसलं दुखतंय! अनीसा येऊन मला म्हणाली, "शैलजाताईंना काय झालंय? माझ्या दारावरून मान खाली घालून जातात." मी काय सांगणार? एक दिवस मीच तिच्या स्वयंपाकघरात घुसले. म्हटलं, पुरे झालं आता. चूक झाली, मूर्ती दुरुस्त होतेय, पाद्र्याचा निरोप आलाय. तुझ्यासारखी खुळी तूच एकटी नाहीस जगात.

ती कणीक मळत होती. थांबली नाही. म्हणाली, "मूर्तीचं नाही गं. मला वाटलं, ही तरी माझा हात बाजूला करणार नाही. लाकडाचीच आहे. म्हणून भरली." गोळा उलटवून म्हणाली, "पोरीने काय करावं मग? परक्या गावात, सगळ्यांसमोर. मी तिच्या जागी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं." हे ती अगदी खरं बोलत होती. मला तिथेच तिला दोन थपडा द्याव्यात असं वाटलं आणि मिठीही मारावीशी वाटली. दोन्ही केलं नाही, चहा मागितला.

ओवी यायची. आठवड्याला यायची, जेवायची, ऑफिसचं बोलायची. त्या गावाचा विषय दोघींनी काढला नाही. पण एकमेकींकडे बघून बोलणंही गेलं. पोट दिसायला लागलं होतं, आणि शैलजा त्या पोटाकडे चुकूनसुद्धा बघत नव्हती.

आठव्यात सोनोग्राफीसाठी जायचं होतं. देवव्रत रिगवर, ओवीचे पाय सुजलेले. गाडी मी काढली. शैलजा यायलाच तयार नव्हती, तिला मी जवळजवळ ओढून मागे बसवलं. हॉस्पिटलात गर्दी होती. ओवी वजन करायला गेली आणि आम्ही दोघी खोलीच्या दारापाशी उभ्या राहिलो. आतून केरळची सिस्टर आली. पेशंटबरोबर घरचं एकच माणूस आत येऊ शकतं, म्हणाली. मग शैलजाकडे बघून हिंदीत विचारलं, "आप मदर हो?"

ओवी तेवढ्यात मागे येऊन उभी राहिली होती. शैलजाने तिला पाहिलं, मला पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "नहीं. पडोस में रहते हैं."

टोमणा मारायला म्हणाली असती तर मी ओळखलं असतं. मी टोमण्यातच वाढलेय. तो टोमणा नव्हता. पोरीला चारचौघांत पुन्हा आपली लाज वाटू नये म्हणून तिने आधीच वाट मोकळी करून दिली होती. आणि जाऊन भिंतीजवळच्या खुर्चीत बसलीसुद्धा, पर्स मांडीवर घेऊन.

ओवीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. सिस्टरने तिचं नाव पुकारलं. ओवी हलेना. सिस्टरने दुसऱ्यांदा पुकारलं, मागच्या बायका बघायला लागल्या. ओवी खुर्चीपाशी गेली आणि आईचं मनगट धरलं.

"आई, चल."

"अगं, घरचंच माणूस लागतं म्हणतेय ती."

ओवीने मनगट सोडलं नाही. सिस्टरकडे वळून म्हणाली, "शी इज माय मदर."

सिस्टरने एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. दिवसभर कंटाळलेली बाई, तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिने सरळ विचारलं, "तो फिर अभी ना क्यों बोला?"

माना खाली घालून दोघी आत गेल्या.